जात्यावरची पहिली ओवी

कामात मन लागायला वेळ लागतो. आपल्या आज्या-पणज्यांना हे पुरतं ठाऊक होतं. पहाटेच्या अंधारात आधी जात्याभोवतीची जागा झाडायची, खुंटा ठोकून घट्ट करायचा, मूठभर दाणे टाकायचे आणि मग पहिली ओवी, बहुधा देवाच्या नावाची. (आमच्या घरांत हा मान बिस्मिल्लाचा.) भक्ती होतीच, पण दगड जड, डोळ्यांत झोप, अशा वेळी समोरासमोर बसलेल्या दोघींचे हात त्या लयीवर एक व्हायचे. पुढे पायली कधी सरली, कळायचं नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव हिंडून एक लाखावर ओव्या जमवल्या. जातं पुढ्यात नसेल तर ओवी आठवत नाही, असं बायका सांगत. बहिणाबाई चौधरींना (१८८०-१९५१) लिहिता येत नव्हतं. घरातल्या-शेतातल्या कामात त्यांना गाणी सुचली, आप्तांनी टिपली, १९५२ मध्ये पुस्तक निघालं.

पिठाची गिरणी आली, बायकांचे खांदे सुटले, फार बरं झालं. मात्र सासर-माहेरचं मनातलं बोलायची पहाटही गेली. कोपरखैरण्यात आमच्या इमारतीखाली चक्की आहे. घरघर एवढी, की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही.