प्रस्तावना : रुग्णाच्या वाटेने

पेरण्या आटोपून निंदण-डवरणी सुरू झाली, की वऱ्हाडातल्या सरकारी दवाखान्यांत सर्पदंशाचे रुग्ण वाढू लागतात. चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी असा रुग्ण आला, की ड्यूटीवरच्या डॉक्टरला थोड्या वेळात ठरवावे लागते : साप विषारी होता का, आणि असला तर विष अंगात भिनू लागले आहे का. घोणस किंवा फुरसे चावले असेल, तर रक्त गोठेनासे होते. ते ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कोरी, स्वच्छ, कोरडी काचेची नळी घ्यायची, तिच्यात रुग्णाचे दोनेक मिलिलिटर रक्त सोडायचे, २० मिनिटे तिला हात लावायचा नाही आणि मग ती एकदाच हलकेच कलती करायची. रक्त पातळच राहिले असेल, तर प्रतिविष, म्हणजे दवाखान्याच्या बोलीतले एएसव्ही, लगेच सुरू करायचे. नाग किंवा मण्यार चावल्यास या चाचणीचा भरवसा नाही. तिथे जड झालेल्या पापण्या आणि श्वास यांवर लक्ष ठेवावे लागते.

यातली नळी काचेचीच का, हे समजून घेण्यासारखे आहे. काचेचा स्पर्श झाला की रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत, किंवा साबणाने धुऊन पुन्हा वापरलेल्या नळीत, धडधाकट माणसाचे रक्तही वेळेत गोठेल याची खात्री नाही. म्हणजे कपाटात एएसव्हीच्या व्हायल आहेत, डॉक्टर हजर आहे, रुग्णही वेळेत पोचला आहे, आणि तरीही कोऱ्या काचेच्या नळ्या मागवण्याचे काम कोणाचे हे ठरलेले नसल्यामुळे उपचार चुकू शकतो. अशा चुकीत एखादा दोषी माणूस शोधायला गेले तर तो सापडत नाही. सापडतात ती न ठरवलेली कामे, न लिहिलेल्या नोंदी आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना हरवलेली माहिती. या हरवण्याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे आरोग्यसेवेच्या गुणवत्ता-सुधारणेचे शास्त्र. या शास्त्राच्या उंबरठ्यावर वाचकाचे स्वागत करताना मला फार आनंद होतो आहे, कारण इथे आत यायला डॉक्टरकीची पदवी लागत नाही. परिचारिका, आशा, औषधनिर्माता, रुग्ण कल्याण समितीचा सदस्य, आजारी आईला घेऊन रांगेत उभा राहिलेला मुलगा, यांतल्या प्रत्येकाला इथे पाहण्याजोगे आणि करण्याजोगे काम आहे.

बैरूतमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकवणारे अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली या विषयाची चौकट मांडली. सेवेचा दर्जा तीन ठिकाणी पाहावा, असे त्यांनी सांगितले : हाताशी काय आहे, प्रत्यक्ष काय केले जाते, आणि रुग्णाचे शेवटी काय झाले. आपल्याकडे सगळी चर्चा पहिल्याच ठिकाणी अडते. इमारत झाली का, खाटा किती, यंत्र आले का, उद्घाटन कधी. दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे रोजच्या कामाच्या पद्धतीत, डोकावण्याची सवय आपल्याला फारशी नाही. माझ्या मते सुधारणेची खरी जागा तीच आहे.

चांदूर रेल्वे या अभ्यासाला फार सोयीचे आहे, ते त्याच्या मधल्या जागेमुळे. सरकारी मोजमापानुसार सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे लागते. त्यांच्या वर सव्वा लाखाच्या आसपास लोकांसाठी साधारण ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय. त्याहून वरचे जे काही, ते तीसेक किलोमीटरवर अमरावतीला : जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला सगळे ‘इर्विन’ म्हणतात, आणि बायकांचे ‘डफरीन’. गावकऱ्याला हा सगळा पसारा एकच सरकारी दवाखाना वाटतो. कारभार मात्र दोन घरांत वाटलेला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, तिथे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचा शब्द चालतो. ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचे, ते जिल्हा शल्यचिकित्सकाच्या हाताखाली. रुग्ण खालून वर जातो तेव्हा त्याला ही हद्द दिसत नाही, पण त्याच्या कागदांना ती नेमकी आडवी येते.

‘इर्विनला रेफर केलं’ हे वाक्य तालुक्यात रोज ऐकू येते. रेफर करणे वाईट नाही; वेळेवर रेफर केल्याने जीव वाचतात. मात्र त्या चिठ्ठीवर काय लिहिलेले असते, हे एकदा निरखून पाहा. सर्पदंशाच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर दंशाची वेळ, नळीच्या चाचणीचा निकाल, किती व्हायल दिल्या आणि कधी, हे चार तपशील असले, तर पुढचा डॉक्टर तिथूनच सूत्र हाती घेतो, कारण सहा तासांनी तीच चाचणी पुन्हा करून पुढचा डोस ठरवायचा असतो. नुसतेच ‘सर्पदंश, पुढील उपचारासाठी’ असे लिहिले असेल, तर अमरावतीला सगळे पहिल्यापासून सुरू होते, आणि मधला वेळ रुग्णाच्या अंगावर निघतो. २०१४ पासून १०८ ची गाडी आली आणि रस्त्यावरचा वेळ कमी झाला. गाडीसोबत जाणाऱ्या माहितीचा प्रश्न अजून तसाच आहे.

सेवेतल्या अशा उणिवांचे मोल किती, याचा एक अंदाज उपलब्ध आहे. २०१८ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा हिशेब मांडला. दवाखान्यापर्यंत न पोचल्यामुळे होणारे टाळता येण्याजोगे मृत्यू वर्षाला सुमारे ३६ लाख, आणि दवाखान्यात पोचूनही सेवा धड न मिळाल्यामुळे होणारे सुमारे ५० लाख. हे आकडे वाचून बसलेला धक्का मला अजून विसरता आलेला नाही.

तरी नवख्या अभ्यासकाने उतावीळ होऊ नये. उत्तर प्रदेशात दीड लाखाहून अधिक बाळंतपणांवर एक मोठा प्रयोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची तपासणी-यादी दवाखान्यांना देऊन, परिचारिकांना वारंवार मार्गदर्शन करून पाहिले. २०१७ साली निष्कर्ष आले. हात धुणे, रक्तदाब मोजणे, अशा कामांत स्पष्ट सुधारणा झाली होती. माता आणि बालकांचे मृत्यू मात्र कमी झाले नव्हते. यादी हाती आली म्हणजे शस्त्रक्रियेची सोय, रक्त आणि तज्ज्ञ येत नाहीत. म्हणून ज्या रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे पद रिकामे आहे, तिथे गुणवत्तेची प्रशिक्षणे घेऊन ते रिकामेपण झाकण्याला माझा ठाम विरोध आहे. पदे भरणे आणि पद्धत सुधारणे या दोन्ही मागण्या एकाच अर्जात असल्या पाहिजेत.

अशा मागण्या लोकांनीच मांडण्याच्या बाबतीत अमरावती जिल्ह्याच्या गाठीशी स्वतःचा अनुभव आहे आणि त्याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले आणि २००७ पासून महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्या पाचांत अमरावती होता. राज्याचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे, जिल्ह्याच्या डोंगराळ मेळघाटात काम ‘खोज’ संस्थेचे. गावातल्या समितीने एकत्र बसून आपल्या दवाखान्याचे प्रगतिपत्रक भरायचे, चांगल्याला हिरवा, मध्यमाला पिवळा, वाईटाला लाल रंग द्यायचा, आणि मग अधिकाऱ्यांसमोर जनसुनवाईत ते मांडायचे. औषध बाहेरून आणायला का सांगितले, नर्सबाई उपकेंद्रात का राहत नाहीत, गाडीचे पैसे का घेतले, असे प्रश्न कोरकू बायांनी उभे राहून विचारले. जे जिल्ह्याच्या हातात होते ते सुटण्याची वाट तरी तिथे मिळाली. रिक्त पदांसारखे प्रश्न मुंबईच्या दाराशी थांबतात. रुग्णाला सेवेचा दर्जा ठरवण्याचा अधिकार आहे, हे इथे प्रत्यक्ष करून पाहिलेले आहे. मेळघाटातली ही रीत चांदूर, धामणगाव, तिवसा या सपाटीवरच्या तालुक्यांत रोजची व्हावी, अशी माझी फार इच्छा आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसे गेले, हे चांगलेच झाले. पण मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, सोबतच्या माणसाला रात्र काढायला जागा लागते. शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभारली, तेव्हा त्यांनी ही गरज नेमकी ओळखली होती. व्हरांड्यात झोपलेल्या नातेवाइकाची नोंद आपल्या कोणत्याही रजिस्टरमध्ये नसते.

वाचकाने सुरुवात लहानच करावी. येत्या पावसाळ्यात एका रुग्णालयात सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णामागे चार वेळा टिपाव्यात : दंशाची, दारात आल्याची, नळीत रक्त घेतल्याची आणि पहिली व्हायल सुरू झाल्याची. नाव लिहू नये, ड्यूटीवर कोण होते तेही लिहू नये. नावे लिहिली की लोक खऱ्या वेळा लिहिणे थांबवतात. पोळ्यापर्यंत जमलेल्या नोंदी परिचारिका, वॉर्डबॉय आणि गाडीचा चालक यांच्यासमोर ठेवाव्यात, आणि सगळ्यांत जास्त वेळ कोणत्या दोन टिपांच्या मध्ये जातो ते त्यांनाच विचारावे. मग तेवढ्याच जागी एक बदल करून पुढचे दोन महिने पुन्हा वेळा टिपाव्यात, आणि दोन्ही तक्ते रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत शेजारी शेजारी मांडावेत.