अंगणवाडी

माँटेसरी पद्धतीचे बालशिक्षण गरिबांच्या वस्तीत नेणारा महाराष्ट्रातील प्रयोग. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे तो सुरू केला. शिक्षिका अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने आली. रंग, आकार, मोजणी मुले त्यांवरच शिकली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा शिक्षिकाच वस्तीतल्या अंगणात गेल्या. आधी आंघोळ, नखे, केस, मग गाणी-गोष्टी. प्रयोगाचे खरे मोल या क्रमात आहे. पुढे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव आहे. तेथे मात्र आहारवाटप, वजने आणि नोंदवह्यांपुढे बालशिक्षणाला वेळ अपुरा पडतो.