नांव न कळणाऱ्याची सूची



ज्याला शब्द ठाऊक आहे, त्याला कोश उपयोगीं पडतो. परंतु ज्याला एखादी वस्तु हवी आहे आणि तिचें नांव मात्र ठाऊक नाहीं, त्यानें कोशाचें कोणतें पान उघडावें? संगणकाच्या सॉफ्टवेअरची माहिती देणाऱ्या पुस्तकांचा अर्धशतकाचा इतिहास पाहिला, तर तो बव्हंशीं याच प्रश्नाभोवतीं फिरलेला दिसतो.

अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं ‘युनिक्स’ नांवाची संगणकप्रणाली रचली. तिच्या माहितीपुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्याच वर्षीं संस्थेच्या पेटंट विभागांतील तीन टंकलेखक या प्रणालीवर दिवसभर पेटंटचे अर्ज तयार करीत असत. म्हणजे हें पुस्तक केवळ रचनाकारांच्या स्मरणासाठीं नव्हतें. परक्याच्याहि उपयोगीं तें पडावयास हवें होतें. त्याची मांडणी मोठी शिस्तीची होती. प्रत्येक आज्ञेस स्वतंत्र पान. आरंभीं नांव व एका ओळींत तिचें कार्य, मग वापरण्याची रीत, वर्णन आणि ‘दोष’हि. आपल्या मालांतील वैगुण्य आपणच छापून देणारा दुकानदार विरळाच!

अडचण एकच होती. पानें आज्ञांच्या नांवांप्रमाणें वर्णानुक्रमानें लावलेलीं, आणि नांवें तर दोन-चार अक्षरांचीं, अर्थाचा सुगावा न देणारीं. मजकुरांतून हवा तो शब्द शोधून देणाऱ्या आज्ञेचें नांव ‘ग्रेप’ आहे, हें नवख्याला कोणत्या तर्कानें सुचावें? ज्याला पुस्तकाची गरज अधिक, त्यालाच तें बंद, अशी ही विपरीत स्थिति होती.

यावरील उपाय मात्र निराळ्याच क्षेत्रांत आधींच निघाला होता. वैज्ञानिक लेखांची संख्या आवरेनाशी झाली, तेव्हां १९५८ च्या सुमारास आयबीएम कंपनींतील हान्स पीटर लून यांनीं एक युक्ति पुढें आणली. लेखाच्या शीर्षकांतील किरकोळ शब्द गाळावे, उरलेला प्रत्येक शब्द आळीपाळीनें प्रमुख धरावा, आणि मागच्यापुढच्या शब्दांसह तें शीर्षक वर्णानुक्रमांत तितक्या वेळां यावें. हें कंटाळवाणें काम यंत्रानें करावें. अशी सूची युनिक्सच्या माहितीपुस्तकासहि जोडण्यांत आली. जानेवारी १९७९ च्या सातव्या आवृत्तींत ती आहे. आतां ‘ग्रेप’ हें नांव ठाऊक नसलें तरी चालूं लागलें. ‘शोधणें’, ‘फाइल’ किंवा ‘नमुना’ यांपैकीं कोणत्याहि शब्दाखालीं पाहिलें, कीं तें पान हातीं लागे.

दरम्यान ‘मॅन’ या आज्ञेनें तेंच पुस्तक संगणकाच्या पडद्यावर आणलें होतें. १९७९ सालींच बर्कले येथील बिल जॉय यांनीं ‘अप्रोपो’ ही आज्ञा लिहिली. तिला विषयाचा शब्द सांगितला, कीं ती त्या एकेका ओळींतून शोधून संबंधित पानांचीं नांवें देते. पुढें इंटरनेटवर पुस्तकें आलीं, तरी मूळ तत्त्व बदललें नाहीं. २००८ सालीं गेऑर्ग ब्रांडल यांनीं पायथन या संगणकभाषेच्या माहितीपुस्तकासाठीं ‘स्फिंक्स’ हें साधन प्रसिद्ध केलें. तें पानें तयार करतांनाच शब्दांची सूची बनवितें, आणि वाचकाचा शोध त्याच्याच ब्राउझरमध्यें चालतो.

या सर्व यंत्रांची मर्यादा मात्र एकच आहे. साधा शब्दशोध लेखकानें लिहिलेलाच शब्द सांपडवून देतो. वाचक ‘पुसणें’ शोधीत असेल आणि लेखकानें ‘निष्कासन’ लिहिलें असेल, तर अशी सूची मुकीच राहणार. ‘अप्रोपो’ उपयोगीं पडली, ती कोणीतरी प्रत्येक पानाच्या माथ्यावर ही वस्तु कशासाठीं आहे, हें साध्या शब्दांत लिहून ठेवलें होतें म्हणून. शोधण्याचें काम यंत्राचें खरें. पण सांपडेल असें लिहिणें हें माणसाचेंच काम आहे.