काळा झेंडा

जैसलमेरला होतो तेव्हा मे महिन्यात आमच्या फॅमिली क्वार्टर्समधली पोरं सकाळी नवाच्या आत घरात परतायची. लू सुटली की कुणी सांगावं लागत नसे. पुढे चेन्नईला बदली झाली. तिथे पारा ३६ वर. ४५ अंश पाहिलेल्या माणसाला ते काय वाटणार? दुपारी चारलाच मी मुलाला फुटबॉल खेळायला सोडलं. अर्ध्या तासात तो मैदानातच बसला. चेहरा लालबुंद, बोलणं असंबद्ध. शेजारच्या नर्सिंग असिस्टंटने त्याला उचलून सावलीत नेलं, नळाच्या पाइपने अंगभर पाणी मारलं, टॉवेलने वारा घातला आणि गाडी आल्यावरच एमआय रूमला हलवलं. आधी थंड करा, मग हलवा. त्या क्रमामुळेच पोरगं वाचलं.

माझी चूक नवी नव्हती. फौजांनी ती पिढ्यान् पिढ्या केली आहे.

हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेची समजूत होती की सगळा दोष सूर्यकिरणांचा. म्हणून डोक्यावर सोला हॅट आणि पाठीच्या कण्यावर जाड कापडी पॅड. साहेबांची मुलंही हॅटशिवाय उन्हात जात नसत. दुसऱ्या महायुद्धात ही समजूत मागे पडली.

दुसरी समजूत जास्त घातक होती: सराव केला की माणूस कमी पाण्यात भागवायला शिकतो. १९४२ पासून एडवर्ड अडॉल्फ या शास्त्रज्ञाच्या पथकाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर प्रयोग केले. शरीराला अशी सवय लागत नाही, हे त्यातून दिसलं. शिवाय घाम गाळणारा माणूस नुसत्या तहानेवर विसंबला तर गेलेल्या पाण्याइतकं पीत नाही. तरीही माझ्या ट्रेनिंगच्या काळात रगड्याच्या मधे पाणी मागणारा रिक्रूट कच्चा ठरायचा.

तिसरा धडा पॅरिस आयलंडचा. साउथ कॅरोलायनाच्या दमट किनाऱ्यावरच्या या केंद्रात अमेरिकी मरीन रिक्रूट उष्माघाताने कोसळत. १९५० च्या दशकात तिथे याग्लू आणि मिनार्ड यांनी तीन थर्मामीटर एकत्र वापरले: एक ओल्या वातीचा, एक काळ्या गोळ्यातला, एक साधा सावलीतला. हिशेबात ओल्याला ७० टक्के वजन, काळ्याला २०, साध्याला फक्त १०. कारण घाम येऊन शरीर थंड होत नाही, घाम वाळला तर होतं. दमट हवेत तो वाळतच नाही. जैसलमेर आणि चेन्नईतला फरक मला इथे कळला. मी ज्या आकड्यावर विसंबलो, त्याचं वजन सगळ्यात कमी होतं.

या निर्देशांकावरून झेंडे ठरले: हिरवा, पिवळा, लाल आणि काळा. काळा चढला की मैदानी कवायत बंद. केंद्रातले उष्माघात घटले. पुढे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मुलांच्या खेळांसाठीही हाच निर्देशांक सुचवला. २०११ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: पुरेसं पाणी मिळालं तर मुलं उष्णता सोसण्यात मोठ्यांपेक्षा मुळात कमी नसतात. अपुरं पाणी, अति दमवणं, विश्रांती न देणं यांनी घात होतो. म्हणजे जबाबदारी मोठ्यांची.

त्यानंतर आमच्या मैदानावर नियम झाला. खेळ साडेपाचनंतर. दर वीस मिनिटांनी शिट्टी, आणि शिट्टी झाली की तहान असो नसो, सगळ्यांनी सावलीत येऊन पाणी प्यायचं. नव्याने बदलून आलेल्या किंवा तापातून उठलेल्या मुलाला पहिले आठ-दहा दिवस थोडाच खेळ. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाला की खेळ थांबला. कुणी चिडवायचं नाही.

रिक्रूट हुकमाखाली पळतो, पोर खेळाच्या नादात पळतं. दोघंही आपणहून थांबत नाहीत. काळा झेंडा आपणच चढवायचा असतो.