लुबानची वाट

डिसेंबर 2017मध्ये एक हंपबॅक देवमासा गोव्यासमोरच्या समुद्रात होता. हे ठामपणे सांगता येते, कारण त्याची नोंद उपग्रहाने ठेवली. ‘लुबान’ नावाच्या या मादीच्या पाठीत संशोधकांनी नोव्हेंबरमध्ये ओमानच्या किनाऱ्यालगत ट्रान्समीटर बसवला होता. श्वास घ्यायला ती वर आली की संदेश जाई. हे बिंदू जोडल्यावर जी रेघ उमटते ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याकडे येते आणि मग किनाऱ्याने कन्याकुमारीकडे जाते.

पण एका मादीची वाट म्हणजे साऱ्या जातीची वाट नव्हे. त्याच वर्षी मार्चमध्ये गोव्याच्या ग्रँडे बेटाजवळ पाण्याखालच्या ध्वनिग्राहकांनी हंपबॅकचे गाणे टिपले होते. गातात ते नर. म्हणजे तो आवाज लुबानचा नव्हे. दुसराही कोणी इथे येऊन गेला होता.

हे देवमासे याच समुद्राचे असल्याचा सर्वांत बोलका पुरावा मात्र कत्तलीचा आहे. नोव्हेंबर 1966मध्ये सोव्हिएत ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारतासमोरच्या समुद्रात 238 हंपबॅक मारले. देवमाशांच्या शिकारीवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाला खोटे आकडे गेले. खरे आकडे ताफ्यांच्या वह्यांत गुप्त राहिले. जीवशास्त्रज्ञ युरी मिखालेव यांनी ते 1997मध्ये प्रसिद्ध केले. पोटातल्या पिल्लांच्या लांबीवरून दिसले की यांचा विणीचा हंगाम उत्तर गोलार्धाचा आहे, अंटार्क्टिकच्या हंपबॅकचा नाही. आणि जठरात अन्न होते! म्हणजे खाणे आणि वीण, दोन्ही याच समुद्रात. इतर हंपबॅक खाणे आणि वीण यांसाठी हजारो किलोमीटर स्थलांतर करतात. हे अरबी समुद्र सोडून तसे जात नाहीत. ज्या वह्यांनी हत्या लपवली, त्यांच्यातल्याच नोंदी आज संरक्षणाच्या कामी येतात, ही गोष्ट मनाला बोचते.

पुढे ओमानजवळ शेपटीच्या छायाचित्रांवरून मोजणी झाली, तेव्हा अंदाज निघाला सुमारे 82. बाहेरून भर पडण्याची शक्यता जवळपास नसलेल्या या छोट्या समूहाला मासेमारीची जाळी आणि मालवाहू जहाजांची धडक हेच मोठे धोके. लुबानची रेघ आपल्या किनाऱ्यालगतच्या वर्दळीतूनच जाते. म्हणून ओमानने एकट्याने केलेले संरक्षण अपुरे पडेल.

प्रत्येक हंपबॅकच्या शेपटीची खालची बाजू वेगळी असते. कोकणातल्या वा गोव्यातल्या एखाद्या तांडेलाला तो दिसला, तर होडी लांबच ठेवावी, शक्य झाल्यास बुडी मारताना वर येणाऱ्या शेपटीचा फोटो घ्यावा, तारीख आणि जागा टिपून वनखात्याला कळवावे.