वऱ्हाडातलं दीडशे वर्षांचं मायग्रेशन

आमच्या धंद्यात जुन्या सर्व्हरवरचा डेटा नव्यावर हलवणं म्हणजे वीकेंडचं काम. शुक्रवारी रात्री सिस्टीम बंद, सोमवारी सकाळी चालू, मधे चहा आणि शिव्या. पण अमरावती-अकोल्याकडच्या जमिनीच्या नोंदींचा इतिहास वाचायला घेतला आणि वाटलं, अरे, खरं मायग्रेशन तर हे! दीडशेहून जास्त वर्षं चाललंय.

आधी थोडी टाइमलाइन. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला. १८६० नंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, प्रत्येक नंबराला खातेदार. म्हणजे वऱ्हाडला प्रायमरी की मिळाली म्हणा ना! १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर इंग्रजांनी वऱ्हाड कायमचा घेतला आणि १९०३ मध्ये नागपूरच्या मध्य प्रांताला जोडून टाकला.

आता गंमत बघा. वऱ्हाडात रयतवारी, शेतकरी थेट सरकारात सारा भरणार. नागपूरकडे मालगुजारी, मधे मालगुजार. दोन वेगळे डेटा मॉडेल एका छपराखाली आले. मग मर्ज केले? छे! वऱ्हाडला जमीन महसुलाचा स्वतंत्र कायदाच राहिला, अगदी १९२८ मध्येसुद्धा नवा केला तो वऱ्हाडापुरता. रॅक एक, स्कीमा दोन. मला तरी हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

जिल्ह्यांचं मात्र मर्जिंग झालं. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला. वाशीम आणि मंगरूळ तालुके अकोल्याला, पुसद यवतमाळला. एलिचपूर म्हणजे अचलपूर जिल्हा अमरावतीत गेला आणि अमरावतीचं मूर्तिजापूर अकोल्यात आलं. १९९८ मध्ये वाशीम परत वेगळा जिल्हा! मंगरूळपीरकडच्या गावांनी जागचं न हलता दोनदा जिल्हा बदलला.

खरं अवघड काम आलं १९५६ नंतर. विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि एका राज्यात तीन कायदे नांदू लागले: मुंबईचा १८७९ चा, मराठवाड्यात हैदराबादचा आणि विदर्भात मध्य प्रदेशचा १९५४ चा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, लागू झाली १५ ऑगस्ट १९६७ ला. मग सगळीकडे एकच फॉर्म, गाव नमुना सात आणि बारा, म्हणजे आपला सातबारा. नुसती कॉलमची नावं जुळवून हे होत नाही. एकर-गुंठ्याचं हेक्टर-आर करायचं, एक एकर म्हणजे ४०.४७ आर. आता हे राउंडिंग हाताने करून बघा! आणि जुनी कागदं मोडीत, ती वाचणारी माणसं दरवर्षी कमी होणारी.

संगणक आले तेव्हा हेच पुन्हा झालं. मोडीच्या जागी युनिकोडपूर्व फाँट आले, एवढाच फरक. तालुक्यात हाताने भरलेल्या सातबाऱ्यांचं टायपिंग झालं. टायपिंग म्हटलं की चुका आल्याच. आडनावातली एक वेलांटी किंवा क्षेत्रातला एक शून्य. आपल्याकडे ते टिकिट असतं. शेतकऱ्याचं मात्र पीककर्ज अडतं, नुकसानभरपाई अडते.

आपण काय केलं असतं? रो काउंट, चेकसम. दोन्ही जुळले असते आणि नाव तरीही चुकीचंच राहिलं असतं. सरकारने २०१७ मध्ये चावडी वाचन केलं. संगणकातला सातबारा गावात मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने ऐकून सांगायचं, बरोबर की चूक. मी आजवर पाहिलेल्या डेटा व्हॅलिडेशनमध्ये याच्यापेक्षा चांगली आयडिया पाहिलेली नाही. तरीही जे सुटतं त्यासाठी संहितेचं कलम १५५ आहे, लेखनातली चूक दुरुस्त करायला. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तो या सगळ्यानंतर.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. विदर्भात कोतवाल बुक नावाचं एक रजिस्टर असे. गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहायचे, जातीसकट. सातबाऱ्याच्या नव्या सिस्टीममध्ये त्याला जागाच नव्हती. आज जातीच्या दाखल्यासाठी ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, तेव्हा लोक याच कोतवाल बुकाची नक्कल शोधत तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जातात. एखाद्या पोराची इंजिनिअरिंगची सीट त्या पिवळ्या पानावर ठरते.

तेव्हा जुना सर्व्हर 'आता कोण बघतंय' म्हणून फॉरमॅट करण्याआधी जरा थांबा. आपण स्कोपबाहेर टाकलेलं टेबल पन्नास वर्षांनी कोणाला लागेल, हे आपल्याला आज कळत नसतं.

असो. पुढच्या वीकेंडला भेटूच.