थंडी कुणी तपासायची?

डिसेंबरात हरसूलला घरी गेलो की सकाळचं पहिलं काम ठरलेलं असतं. खोबरेल तेलाची बाटली चुलीजवळ नेऊन ठेवायची. रात्रभर खिडकीत राहिलेलं तेल पांढरं, घट्ट झालेलं असतं. बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. खोबरेल साधारण २४ अंशांखालीच थिजायला लागतं, त्याला हिमालय लागत नाही. त्र्यंबक तालुक्यातली शेकोटीपुरती थंडीही त्याला पुरते.

आता हेच चित्र उणे तीस अंशांवर नेऊन बघा. तेल डोक्याचं नाही, रायफलीतलं आहे.

हा विचार माझ्या डोक्यात घातला तो गावातल्या एका निवृत्त जवानाने. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मी लेहच्या ट्रिपची गोष्ट सांगत होतो. फोन ३० टक्के बॅटरी दाखवत असताना अचानक बंद पडला आणि हॉटेलच्या उबदार खोलीत आल्यावर पुन्हा सुरू झाला. मामा हसले. म्हणाले, "तुझा फोन बंद पडला, एक फोटो राहिला. आमची रायफल बंद पडली असती तर?"

त्या रात्री मी वाचायला बसलो आणि बरेच दिवस वाचतच राहिलो.

आधी यंत्र समजून घेऊ. आपोआप पुढची गोळी भरणारी रायफल म्हणजे ठरलेल्या वेळेत चालणारी साखळी. गोळी सुटते, तिच्यामागचा वायू पिस्टनला ढकलतो, बोल्ट मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर पडतं, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि नवी गोळी नळीत बसते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. थंडी या साखळीतली प्रत्येक कडी वेगळ्या प्रकारे ओढून धरते.

तेल घट्ट झालं की बोल्ट जड होतो, फायरिंग पिनचा ठोका हलका पडतो आणि गोळी उडतच नाही. काडतुसातली दारू थंडीत हळू जळते, त्यामुळे गोळीचा वेग कमी होतो आणि ती नेमापेक्षा खाली लागते. काही प्लॅस्टिक थंडीत लवचिकपणा सोडून काचेसारखं ठिसूळ होतं. फ्रीजरमधून काढलेला डबा हातातून पडला की त्याला तडा जातो, तसंच. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे दंव. बाहेरून आणलेली थंडगार रायफल तंबूत ठेवली की गार पाण्याच्या तांब्यासारखा तिला घाम फुटतो. तीच रायफल पुन्हा बाहेर नेली की आतलं पाणी गोठतं. म्हणून जगभरच्या बर्फातल्या सैनिकांना एक उलटा वाटणारा नियम शिकवतात: बंदूक उबेला आणू नका, बाहेर थंडीतच राहू द्या. तेलही जवळजवळ पुसूनच टाका.

हे नियम आधी रणांगणावर कळले. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वेशीवर जर्मन सैन्याच्या तोफा, ट्रक आणि मशिनगनमधलं वंगण थिजलं. १९५० मध्ये कोरियातल्या चोसिन जलाशयाभोवती अमेरिकन सैनिकांच्या हलक्या एम-१ कार्बाइन ऐन चकमकीत अडकल्या. त्यांच्याच सैन्यातली जड एम-१ गॅरंड रायफल तुलनेने टिकली. गंमत म्हणजे अमेरिकेने त्याआधीच, १९४७ मध्ये, फ्लोरिडासारख्या उष्ण राज्यात विमानं आत मावतील एवढं मोठं शीतगृह चाचण्यांसाठी सुरू केलं होतं. शीतगृह हाताशी असलं तरी प्रत्येक हत्याराचा प्रत्येक दोष त्यात पकडला जातोच असं नाही.

आपल्याकडे हा धडा १९६२ मध्ये आला. १८ नोव्हेंबरला लडाखमधल्या रेझांग ला इथे, सुमारे १६ हजार फुटांवर, मेजर शैतानसिंह यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊँची एक कंपनी लढली. जवान हरियाणाच्या सपाट मुलखातले, हातात .३०३ रायफल. ही रायफल साधी. तिचा बोल्ट प्रत्येक गोळीनंतर हाताने मागे-पुढे करायचा. यंत्रात अडकण्यासारखं फार काही नाही, पण प्रत्येक गोळीमागे बधिर बोटांनी एक हालचाल करावी लागते. सुमारे १२० पैकी ११० हून अधिक जण तिथेच पडले. काही महिन्यांनी बर्फात मृतदेह सापडले तेव्हा अनेकांच्या हातात शस्त्रं तशीच होती.

थंडीची चाचणी म्हणजे फक्त लोखंडाची चाचणी नाही, हे मला इथे कळलं. हातमोजा घातलेलं बोट, विरळ हवेत दमलेला श्वास, झोप न झालेलं डोकं, हे सगळं त्या यंत्राचाच भाग असतं.

त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये आमच्या नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले. .३०३ ची जागा हळूहळू सेल्फ लोडिंग रायफलने घेतली. १९८४ च्या एप्रिलमध्ये सैन्य सियाचिनवर पोचलं, जिथे हिवाळ्यात पारा उणे ५० पर्यंत उतरतो. तिथे रायफली रॉकेलच्या स्टोव्हवर धरून पुन्हा पुन्हा मोकळ्या कराव्या लागत. म्हणजे चाचणी रोजचीच होती, फक्त तिला चाचणी म्हणत नव्हते.

मग आली इन्सास. हिची रचना पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संस्थेची, म्हणजे आपल्याच इंजिनिअरांची. ५.५६ मिलिमीटरची, जुनीपेक्षा हलकी रायफल. मॅगझिन अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचं, किती गोळ्या उरल्या ते बाहेरून दिसावं म्हणून. कल्पना खरंच छान होती. १९९९ मध्ये ती कारगिलच्या शिखरांवर गेली. मे ते जुलै, म्हणजे हिवाळासुद्धा नाही. पण १६-१७ हजार फुटांवर उन्हाळ्याच्या रात्रीही पारा शून्याखालीच. तिथे मॅगझिनला तडे गेल्याच्या आणि रायफल अडकल्याच्या तक्रारी आल्या. पुढच्या आवृत्त्यांमध्ये सुधारणा झाल्या, पण नावाला लागलेला डाग पुसला नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या धंद्यात एक बदनाम वाक्य आहे: 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' इन्सासबद्दल वाचताना मला तेच आठवत राहिलं, आणि हसू आलं नाही. कारण कुठलीही रायफल चाचण्या दिल्याशिवाय सैन्यात येत नाही. शीतपेटीत ठेवतात, धूळ, चिखल, पाऊस सगळं दाखवतात. पण पेटी एका वेळी एकच गोष्ट विचारते. डोंगर सगळे प्रश्न एकदम विचारतो: थंडी, दंव, उंची, दगडावर आपटणं आणि थकलेला माणूस. आमच्याकडे चूक राहिली तर ॲप बंद पडतं, रात्री कुणीतरी जागून दुरुस्त करतं. तिथे जागणारा आणि किंमत मोजणारा एकच असतो.

पुढची गोष्ट मात्र थोडा दिलासा देते आणि ती नाशिकजवळच सुरू होते. ९ नोव्हेंबर २०१८ ला देवळालीत के-९ वज्र ही स्वयंचलित तोफ सैन्यात दाखल झाली. मूळ रचना कोरियन, बांधणी गुजरातेत हाजिऱ्याला, आणि खरेदी वाळवंटासाठी. २०२० मध्ये गलवान घडलं आणि ही तोफ लडाखला न्यायचा विचार सुरू झाला. सगळ्या तोफा एकदम नेल्या नाहीत. २०२१ च्या सुरुवातीला तीनच नेल्या आणि तिथल्या थंडीत चालवून पाहिल्या. बॅटरी, इंजिन, वंगण अशा गोष्टींसाठी थंडीचे संच बसवले. मग त्याच वर्षी पूर्ण रेजिमेंट तैनात झाली. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तोफांसाठी ७,६२८ कोटी रुपयांचा करार झाला, तेव्हा उंचावरच्या शून्याखालच्या थंडीत पूर्ण क्षमतेने चालणं हा त्यांचा गुण म्हणून सांगितला गेला.

आधी तीन, मग बाकीच्या. आम्ही याला टप्प्याटप्प्याने रिलीज करणं म्हणतो. एवढी साधी गोष्ट. पण १९६२ पासून इथपर्यंत यायला जवळपास साठ वर्षं लागली.

परवा मामांना हे सगळं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. शेकोटीत काटकी सरकवली आणि मग म्हणाले, "थंडी तपासावी लागतेच रे. खोलीत कुणी तपासली नाही, तर वर पोरगं तपासतं."

माझ्या हातात खोबरेलाची बाटली होती. ती अजून पुरती सुटी झाली नव्हती.